शीनवरची तीन टिंबं

आमच्या शाळेत फारसी शिकवायला जे गृहस्थ होते, त्यांना मुलं आणि शिक्षक सगळेच मौलवीसाहेब म्हणत. ते मौलवी नव्हते. एकदा शिक्षकांच्या खोलीत त्यांनी तसं सांगूनही पाहिलं होतं, की मी तुमच्यासारखाच मास्तर आहे, नमाज पढवणारा कुणी नाही. सगळे हसले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मौलवीसाहेब. मीही तसंच म्हणत राहिलो. आज लिहितानाही हातून दुसरं काही उतरत नाही.

सन पंचवीस-सव्वीसचा सुमार असेल. मी तिशीच्या आतला, इतिहास शिकवणारा, मॅट्रिक होऊन ट्रेनिंग कॉलेज केलेला. बी. ए. व्हायचं राहून गेलं होतं आणि ते मला दिवसातून दोनतीनदा तरी आठवे. मुख्याध्यापक बी. ए. होते. माझ्यामागून आलेला गणिताचा शिक्षक बी. ए. होता आणि त्याचा पगार माझ्यापुढे गेला होता. मौलवीसाहेब पन्नाशीला आलेले, उंच, थोडे वाकलेले. सोलापूरच्या उन्हाळ्यात गिरणीतली माणसंसुद्धा भोंगा झाला की सदरा खांद्यावर टाकून बाहेर पडत, पण यांचा काळा लांब कोट गळ्यापर्यंत बंद. त्यांच्या वर्गात आठदहा मुलं असत. संस्कृतच्या वर्गात साठ. हा फरक त्यांना कधी कुणी बोलून दाखवला नाही, आणि विसरूही दिला नाही.

आमची ओळख झाली ती एका तांब्याच्या तुकड्यावरून. मधल्या सुट्टीत त्यांनी कोटाच्या खिशातून काढून तो माझ्या वहीवर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, हे कुणाचं, सांगा बघू."

मला तो मोडक्या कुलपाचा भाग वाटला. काळा, जाड, एका कडेला चेपलेला. त्यांनी तो उचलून खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि बोट फिरवत एक एक शब्द वाचत गेले. गुलबर्ग्याच्या गादीवरचा एक सुलतान निघाला. ज्याच्याविषयी मी त्याच आठवड्यात पुस्तकातून चार ओळी शिकवल्या होत्या, तो माणूस यांच्या खिशात होता. मला त्या दिवशी आनंद झाला की हेवा वाटला, हे आता नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

तेव्हापासून दर मंगळवारी शाळा सुटली की आम्ही दोघं बाजारात जाऊ लागलो. तिथे एका तांबटाच्या दुकानात खेड्यापाड्यांतून आलेली मोड पडलेली असे. फुटके हंडे, तोट्या गेलेल्या झाऱ्या आणि त्यांत जुने ढब्बू पैसे. तांबट ते सगळं वितळवून नवी भांडी करी. आम्ही त्याच्या गोणपाटावर बसून पैसे निवडत असू.

"घ्या की निवडून," तो म्हणे. "ऱ्हायलेलं उद्या भट्टीत जाणार हाय."

एका मंगळवारी त्याने आमच्यासाठी वीसपंचवीस नाणी निराळी काढून ठेवली होती. चिंच आणि विटकरीची भुकटी लावून घासलेली, नव्या भांड्यासारखी लाल. "तुमच्यासाठी लख्ख करून ठिवलीत. वाचायला सोपं जाईल की," तो म्हणाला. मौलवीसाहेबांनी एक एक नाणं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि सगळी विकत घेतली. वर त्याचे आभार मानले. रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "त्यांतली काही वाचता येतात का?"

"एकही नाही."

"मग घेतलीत कशाला?"

"त्या बिचाऱ्यानं अर्धा दिवस घालवलाय, मास्तर. त्याला काय सांगू?"

नाणी साफ करू नयेत, असं त्यांचं ठाम मत होतं. फार तर माती निघावी म्हणून साध्या पाण्यात ठेवावीत. तांब्याचं नाणं अगदीच दगड झालेलं असेल तर करडईच्या तेलात. त्यांच्या खिडकीत मातीच्या पणत्या ओळीने ठेवलेल्या असत, एकेकीत तेल आणि तेलात एकेक नाणं. महिना, दोन महिने, कधी वर्ष. मग बाभळीच्या काट्याने अक्षराच्या कडेकडेने हळूहळू टोकरायचं. चांदीला तर तेही नको. मी एकदा कंटाळून म्हणालो, अशाने आपलं आयुष्य संपेल आणि नाणं तसंच राहील. ते म्हणाले, "राहू द्या की. आपल्याला वाचता येत नाही हा त्याचा गुन्हा नाही. आपल्यामागून येईल कुणी, ज्याला वाचता येईल."

मला हे बोलणं तेव्हा आवडलं नव्हतं. आपल्यामागून येणाऱ्यासाठी काही राखून ठेवावं अशी माझी परिस्थिती नव्हती, किंवा मी तशी समजूत करून घेतली होती.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांनी मला घरी बोलावलं. दुधनीकडे त्यांची सासुरवाडी होती. मेहुण्याच्या शेतात नांगराच्या फाळाला चांदीचं एक नाणं लागलं होतं, ते त्याने यांना दिलं होतं. रुपयाहून किंचित मोठं, त्यावर राखाडी-काळं पुट आणि मध्ये मध्ये हिरवे फोड. एका बाजूला राजाचं नाव बऱ्यापैकी कळत होतं. दुसऱ्या बाजूला, अगदी काठाशी, ते कुठल्या गावी पाडलं त्या गावाचं नाव असावं. पण ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे गावाचं पहिलं अक्षर तेवढं नाण्यावर पडलं होतं, त्याच्यापुढच्या वाव या अक्षराचा नुसता वळसा आणि बाकी सगळं काठाबाहेर.

"हे पहिलं अक्षर बघा," ते म्हणाले. "दाते दिसतात ना? हे सीन असेल, नाहीतर शीन, म्हणजे स किंवा श. दोन्ही सारखीच. शीनवर तीन टिंबं असतात, एवढाच फरक."

"शीन असलं तर?"

ते हसले. "तर मग शीन आणि वाव. शो. जुन्या फारसी कागदांत आपलं गाव शीननंच लिहितात."

सोलापुरात टांकसाळ होती असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी म्हणालो, "मग टिंबं आहेत की नाहीत, बघा ना."

त्या अक्षराच्या वर, जिथे टिंबं असायची, नेमका तिथेच एक हिरवा फोड होता. त्यांनी मला तो दाखवला. आणि म्हणाले, "टिंबं निघाली तरी भरवसा नाही. ठसे कोरणारे जागा भरायला कुठेही टिंबं टाकत. आणि शो वरून सुरू होणारं गाव आपलं एकटंच आहे का? घाई नक्को, मास्तर."

मी चित्रं बरी काढत असे. त्यांच्या नाण्यांची चित्रं मीच काढून देई. आम्ही दोघांनी मिळून पुण्याच्या एका इतिहास मंडळात निबंध वाचायचा, त्यात सोलापूरकडे सापडणाऱ्या नाण्यांची माहिती द्यायची, असं आमचं ठरलं होतं. त्यांनी वाचायचं, मी लिहायचं आणि खाली दोघांची नावं. चित्रासाठी म्हणून त्यांनी ते नाणं माझ्याकडे दिलं. कापसात गुंडाळून, औषधाच्या डबीत. देताना म्हणाले, "उजेडात बघून काढा. पण त्याला काही करू नका." मी 'नाही करणार' म्हणालो.

चित्र काढलं. जसं दिसत होतं तसंच काढलं, अक्षर आणि त्यावर फोडाचा आकार. मग मी पुण्याला पत्र लिहिलं आणि त्यात, मौलवीसाहेबांना न विचारता, सोलापूरच्या टांकसाळीचा पुरावा हाती आला आहे असं लिहून टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं. मंडळाचे एक मोठे पंडित स्वतः सभेला बसणार होते, आणि नाणं सोबत आणावं अशी त्यांची इच्छा होती. मी ते पत्र तीनदा वाचलं. पंडितांनी मला 'आपण' म्हटलं होतं.

सभेच्या आधीचा रविवार. दुपारची वेळ. बायको मागल्या दारी देवाची भांडी घासत होती. मी तिच्याजवळची थोडी चिंच मागून घेतली आणि फोडाला लावली. काही झालं नाही. रिठ्याचं पाणी केलं, त्यात घातलं. फोड थोडा काळवंडला, एवढंच. मग मी कपाटातून बाटली काढली. ओळखीच्या सोनाराकडून दोन दिवसांपूर्वीच तेजाब आणून ठेवलं होतं. म्हणजे चिंच आणि रिठे ही मी माझ्याच मनाची समजूत घालत होतो, हे उघड आहे.

बायको हात पुसत आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. "हे मौलवीसाहेबांचं ना?"

"हो."

"त्यांना विचारलंत?"

"त्यात विचारण्यासारखं काय आहे? फोड काढायचाय एक."

ती उंबऱ्यातून हलली नाही.

काचेच्या वाटीत पाणी घेऊन त्यात मी तेजाब ओतलं आणि नाणं सोडलं. मनात दहा आकडे मोजायचे असं ठरवलं होतं. सहापर्यंत बारीक बुडबुडे आले. आठला वाटीतून उग्र वाफ आली आणि पाणी हिरवंनिळं झालं. मी दहाच्या आतच काडीने नाणं बाहेर काढलं, भराभर पाण्यात बुडवलं आणि पंच्याने पुसलं. ते पांढरंशुभ्र झालं होतं. फोड गेला होता. त्याच्याखालची टिंबं नव्हती. टिंबांच्या खालचं अक्षरही नव्हतं. काठाशी एक गुळगुळीत खळगा होता आणि त्यात वावच्या वळशाची पुसट रेघ.

"निघाला का?" बायकोने विचारलं.

मी हो म्हणालो.

यानंतर जे केलं ते कुणी करायला लावलेलं नव्हतं. मी चित्राचा कागद पुढे ओढला, फोडाचा आकार रबराने खोडला आणि त्या जागी तीन टिंबं काढली. नीट, त्रिकोणात. मग निबंधाच्या शेवटच्या पानावरून मौलवीसाहेबांचं नाव गाळलं. त्यांचं नाव ठेवलं असतं तर निबंध त्यांना दाखवणं भाग होतं. त्याऐवजी 'एका फारसी जाणणाऱ्या स्थानिक गृहस्थांचं साहाय्य झालं' असं लिहिलं. शाळेत ते भेटले तेव्हा म्हणालो, मंडळाने मला एकट्यालाच बोलावलंय, निबंध अजून कच्चा आहे, आल्यावर दाखवतो. त्यांनी स्टेशनवर येऊ का, असं विचारलं. मी नको म्हणालो.

सभेला तीसचाळीस माणसं होती. निबंध चांगला झाला. पंडितांनी चित्र बघितलं, मान डोलावली, मग नाण्यासाठी हात पुढे केला. भिंग लावून ते पुष्कळ वेळ बघत राहिले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "हे कुणी घासलं?"

ते रागावले नव्हते. वर्गात समजावून द्यावं तसं सगळ्यांना उद्देशून बोलू लागले. म्हणाले, जमिनीत राहिलेल्या चांदीचा वरचा थर हळूहळू पुटातच उतरतो. पुष्कळदा अक्षर धातूत उरतच नाही, ते त्या पुटातच असतं. लोकांना वाटतं वरची घाण काढली की खालून अक्षर निघेल. खाली काही नसतं. मग पुन्हा माझ्याकडे वळले. "हे साफ करण्याआधी तुम्ही चित्र काढलं होतं, हे सुदैव. पण साफ केलं कुणी?"

मी म्हणालो, "नाणं ज्यांचं आहे त्यांनी. आमच्याकडचे फारसीचे मौलवी आहेत. जुन्या वळणाचे. त्यांना यातलं कळत नाही."

हे वाक्य बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. आणि ऐकणाऱ्यांतही एकाला नवल वाटलं नाही. मागल्या बाकावर कुणीतरी हसलं, एकाने 'चालायचंच' असं काहीसं म्हटलं. मी तेव्हा मनात म्हणालो होतो की या लोकांच्या मनाला किती चटकन पटतं. वास्तविक ते मन मला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर मला ते नाव सुचलं.

सोलापूरला परत आल्यावर मी नाणं डबीत घालून मौलवीसाहेबांना दिलं. त्यांनी झाकण उघडलं. कापूस बाजूला केला. नाणं उलटून पाहिलं. "हे काय झालं?"

"पुण्यात पंडितांनी साफ करायला दिलं," मी म्हणालो. "मी नको म्हणत होतो. ऐकलं नाही."

त्यांनी डबी बंद केली. म्हणाले, "मोठी माणसं आहेत. त्यांना काही दिसलं असेल." मग मलाच धीर द्यावा तसं माझ्या खांद्यावर हात ठेवून वर्गावर गेले.

प्रकरण इथेच मिटलं असं मी समजलो. तीन महिने गेले. मंडळाच्या छापील अंकात माझा निबंध आला, मी अंकाच्या दोन प्रती कपाटात ठेवल्या आणि शाळेत कुणाला दाखवल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी मात्र कुठेतरी पाहिला. इन्स्पेक्टर आले तेव्हा त्यांनी माझी ओळख संशोधक म्हणून करून दिली. पुढल्या वर्षी मला असिस्टंट हेडमास्तर केलं, त्यात या निबंधाचा वाटा होता. निबंध छापून आल्याचं मी मौलवीसाहेबांपासून लपवलं नाही असं नाही, पण तेही काही विचारत नव्हते. त्या दिवसांत मंगळवारी आम्ही अजून बाजारात जात होतो.

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मौलवीसाहेबांनी मधल्या काळात पंडितांना पत्र टाकलं होतं. इंग्रजी त्यांचं बेताचं. शब्दकोश घेऊन, आठवडाभर खपून लिहिलं असणार. माझं नाणं साफ करण्यात आपला काय हेतू होता, तेवढं मला शिकण्यासाठी कळवावं, असं काहीतरी अदबीने विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांची खोली रिकामी झाली, तसे ते माझ्यापाशी येऊन बसले. लांब लखोट्यातून त्यांनी टाइप केलेलं पत्र काढलं, त्याच्यासोबतचा छापील अंक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, माझं इंग्रजी कच्चं आहे. हे जरा वाचून मराठीत सांगा."

मी वाचू लागलो. पहिल्या दोन ओळी नमस्काराच्या होत्या. त्या सांगितल्या. तिसऱ्या ओळीत पंडितांनी लिहिलं होतं, की आपल्या पत्राने मी चकित झालो, कारण नाणं माझ्या हाती आलं तेव्हाच ते साफ झालेलं होतं आणि आपणच ते साफ केल्याचं निबंध वाचणाऱ्या गृहस्थांनी सभेत सांगितलं. मी तिथे थांबलो.

"पुढं?" ते म्हणाले.

मी ती ओळ सांगितली.

"पुढं?"

पुढे सूचना होत्या. यापुढे आपण नाण्यांना आम्ल, चिंच, राख यांपैकी काहीही लावू नये. नाणी घासू नयेत. ती कोरड्या जागी, कागदात निरनिराळी ठेवावीत. एक एक कलम त्यांनी माझ्याकडून मराठीत करून घेतलं. एका शब्दाशी मी अडलो तर म्हणाले, "सावकाश." मी वाचत होतो आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होते, जणू त्यांना हे पहिल्यांदाच कुणी शिकवत होतं.

पत्र संपलं. त्यांनी ते घडी करून लखोट्यात घातलं. मग अंक उघडला, चित्राचं पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"टिंबं चांगली आलीत," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मौलवीसाहेब, मी सांगतो काय झालं ते."

"काय झालं ते कळलं मला. मी सांगू तुम्हाला? नाणं गेलं त्याचं मला काही नाही. शेतातून आलं होतं, गेलं. पण ते लोक माझं नाव घेत नव्हते तेव्हा बरं होतं. तुम्ही त्यांना माझं नाव दिलंत, आणि हे असं दिलंत." ते उठले. कोटाचं वरचं बटण निघालं होतं, ते त्यांनी लावलं. "सोमवारी सातवीचा तास तुमचा आहे की माझा?"

"तुमचा," मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही सहा वर्षं एका शाळेत होतो. ते माझ्याशी भांडले नाहीत, कुणाजवळ बोललेही नाहीत. मी असिस्टंट हेडमास्तर झाल्यावर ते मला 'साहेब' म्हणू लागले. त्यांनी मला पूर्वीसारखं मास्तर म्हणावं म्हणून मी काय काय केलं ते लिहायची मला लाज वाटते. त्यांच्या वर्गाला नवी बाकं मिळवून दिली. ईदला घरी गेलो. त्यांनी बसवलं, खीर दिली आणि शाळेच्या वेळापत्रकाविषयी बोलले. बाजारात ते पुन्हा आले नाहीत. मी एकटा एकदोनदा गेलो. तांबटाने विचारलं, "ते लंबू कोटवालं कुटं गेलं? तुमी एकलंच?" मी म्हणालो त्यांना वेळ नसतो. मग मीही जाणं सोडलं.

घरात बायकोला सगळं कळलं होतं. मी सांगितलं नव्हतं, तिने जुळवलं होतं. भांडी घासायला चिंच काढताना मी जवळ असलो, तर ती वाटी घेऊन आत जाई.

मौलवीसाहेब निवृत्त होऊन अक्कलकोटला मुलीकडे गेले. दोनेक वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. स्टेशनावरून टांगा केला आणि वाटेत चार वाक्यं पाठ करत गेलो. ते ओसरीत बाजेवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि मुलीला कानडीत काहीतरी सांगितलं, तशी ती चहा ठेवायला गेली. मी माझी वाक्यं सुरू केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"साहेब, तुम्ही इतक्या लांब आलात. पाणी घ्या आधी."

"मला बोलू द्या."

"तुम्ही बोलाल, तुम्हाला हलकं वाटेल, मग तुम्ही गाडीत बसाल. मी इथं बाजेवरच आहे." हे ते रागाने बोलले नाहीत. रोजचा तास शिकवावा तसे बोलले. "नको. राहू द्या."

मी नाण्यांचं विचारलं. ते म्हणाले, डब्यांत आहेत, आता दिसत नाहीत, पण अंगठा फिरवला की बरीचशी कळतात. तेवढ्यात चारपाच वर्षांची नात बाहेर येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ते नाणं होतं. वरच्या बाजूला भोक पाडून कडी लावलेली. माझी नजर तिथे गेल्याचं त्यांना दिसलं नसेल, पण मी गप्प झालो ते कळलं असावं.

"चमकतं ना," ते म्हणाले. "पोरीला आवडतं."

चहा आला. मी तो घेतला आणि मिळेल त्या टांग्याने परतलो. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या जावयाचं कार्ड आलं, की ते गेले. नाण्यांचं काय झालं ते त्यात नव्हतं आणि विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

कार्ड आल्यावर मी पुण्याच्या मंडळाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. फोड, तेजाब, रबर, टिंबं, आणि सभेत कुणाचं नाव घेतलं तेही. ते टपालात टाकताना मला वाटलं की निदान एवढं तरी आपण केलं. दोन महिन्यांनी चिटणिसांचं उत्तर आलं. पंडित आता हयात नाहीत, प्रश्न बराच जुना झाला आहे, आणि मूळ नाणं अभ्यासाला उपलब्ध नसल्यामुळे अंकात छापलेलं चित्र हाच ग्राह्य पुरावा मानावा लागतो. माझ्या सचोटीबद्दल त्यांनी धन्यवाद दिले होते.

तेव्हापासून सोलापूरची टांकसाळ पक्की झाली. गावाच्या माहितीच्या एका पुस्तकात ती आली, त्यावरून दुसऱ्यात. एकदा शाळेच्याच समारंभात पाहुण्यांनी भाषणात तिचा उल्लेख केला आणि माझ्याकडे हात करून टाळ्या वाजवायला सांगितलं. मी उभं राहून सांगू शकलो असतो. मी उभा राहिलो आणि नमस्कार केला.

आता लोक मला नाण्यांतला जाणकार समजतात. घर बांधताना, विहीर खणताना काही निघालं की घेऊन येतात. मागल्या महिन्यात बार्शीचे एक व्यापारी आले होते. रुमालात सातआठ चांदीची नाणी, काळी पडलेली. त्यांनी विचारलं, "घासून घेऊ का?"

मी म्हणालो, "घासू नका."

"का बरं?"

"किंमत कमी होते," मी सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं. रुमालाची गाठ मारून ते निघून गेले.